अण्णांची ट्रंक आणि वारशाच्या कागदांचं एक वर्ष

अण्णा गेले ४ फेब्रुवारी २०२४ ला, बेळगावातच, दवाखान्यात. तेरावं झालं, पाहुणे परतले आणि त्या रात्री आईनं पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढून माझ्यापुढं ठेवली. "ह्यात सगळं आहे म्हणायचे. बघ की आता तू."

ट्रंकेत खरंच सगळं होतं. बेळगावातल्या अनगोळच्या घराचं १९९६ सालचं खरेदीखत, खानापूरकडच्या जांबोटी भागातल्या भातशेतीचे जुने उतारे, पेन्शनचं पुस्तक, मुदतठेवींच्या तीन पावत्या, पिग्मीचं कार्ड, पीकेपीएसचं (गावच्या शेती पतपुरवठा सोसायटीचं) पासबुक. पण त्याचं पुढं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. मी उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे, कचेऱ्यांशी संबंध घरपट्टीपुरता. मराठीत माहिती शोधली तर सगळी महाराष्ट्राची मिळायची: सातबारा, ग्रामपंचायतीतली वारस नोंद, सेतू केंद्र. आपल्याकडं कर्नाटकात आरटीसी (शेताचा उतारा), नाडकचेरी (महसूल खात्याची स्थानिक कचेरी), वंशावळ (वारसांच्या नावांचा सरकारी दाखला), आणि ते सगळं कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, वाचताना अडखळतो. माझ्यासारखी घरं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पुष्कळ आहेत. म्हणून वर्षभरात जे केलं ते ज्या क्रमानं घडलं त्याच क्रमानं लिहितोय.

पहिली गोष्ट मृत्यूचा दाखला. दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंद दवाखानाच पाठवतो, घरी झाला तर २१ दिवसांच्या आत आपण कळवायचं. दवाखान्यातला कारकून फॉर्म भरत होता तेव्हा कोणीतरी अण्णांचं नाव तोंडी सांगितलं. त्या दिवशी ते तपासायचं भान कुणाला असणार? २० फेब्रुवारीला दाखला हातात आला तेव्हा कळलं की आडनावातला 'ळ' इंग्रजीत 'एल' झालाय आणि इंग्रजीवरून कन्नडमध्ये 'ल' होऊन उतरलाय. शेताच्या उताऱ्यावर 'ळ' बरोबर होता. पेन्शनच्या पुस्तकात नावापुढं 'राव' होतं, आधारवर नव्हतं. एका माणसाची चार नावं झाली. दाखला दुरुस्त करून घ्यायला अठरा दिवस आणि तीन फेऱ्या लागल्या. तुमच्यावर अशी वेळ आली तर घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसाच्या हातात आधार कार्ड द्या आणि फॉर्मवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवायला सांगा. दाखल्याच्या दहा प्रती काढून ठेवा. मी चार काढल्या होत्या, त्या मार्चमध्येच संपल्या.

मार्चमध्ये बँक आणि पेन्शन. पेन्शनच्या खात्यातून एटीएमनं पैसे काढू नका, ही सूचना शेजारच्या निवृत्त मास्तरांनी दिली आणि ती फार मोलाची ठरली. मृत्यूनंतरच्या दिवसांची पेन्शन खात्यात जमा झाली तर ती परत करावी लागते. मी आठवडाभरात बँकेला लेखी कळवलं आणि पोच घेतली. आईचं नाव आणि दोघांचा जोडीचा फोटो पेन्शनच्या कागदांत होता, त्यामुळं कुटुंब पेन्शनला अडचण आली नाही. फक्त आईकडं पॅन कार्ड नव्हतं. अडुसष्ट वर्षांच्या बाईला पॅन कशाला, असं आम्हीच म्हणत आलो होतो. ते निघेपर्यंत मार्च संपला. कुटुंब पेन्शन जूनमध्ये चालू झाली, मागची थकबाकी धरून. मधले चार महिने घर माझ्या पगारावर चाललं.

ठेवींच्या पावत्यांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. दोन पावत्यांवर आई नॉमिनी होती, ते काम पंधरा दिवसांत झालं. तिसरी तीन लाखांची, आणि तिच्यावर नॉमिनी काका! ती ठेव फार वर्षांपूर्वीची. पावती दर वेळी नूतनीकरण होत राहिली आणि नाव तसंच राहिलं. मला त्या दिवशी घाम फुटला. पुढं एका वकिलांनी समजावलं की नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त असतो, मालकी वारसांचीच. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं १९८३ सालीच हे सांगितलं होतं (जवळच्या नातेवाईक नॉमिनींपुरता तो नियम २०१५ मध्ये बदलला) आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये. पण कायदा सांगणं वेगळं आणि घरच्या माणसाला "पैसे परत द्या" म्हणणं वेगळं. आमच्या काकांनी ती वेळच येऊ दिली नाही. बँकेत सही केली, पैसे खात्यावर आले त्याच दुपारी आईच्या नावे चेक लिहून दिला आणि म्हणाले, "वहिनी, एवढं एक काम दादानं माझ्याकडं ठेवलं होतं असं समजा." सगळ्यांचे काका असे नसतात. आज रात्री घरातल्या पावत्या काढून नॉमिनीचं नाव तेवढं बघा.

पिग्मीचे अडतीस हजार एका सोसायटीत होते. एजंट रोज संध्याकाळी दारात यायचा, अण्णा पन्नास रुपये द्यायचे. नॉमिनीचा रकाना कोरा. सोसायटीनं हमीपत्र आणि दोन जामीनदार मागितले, पैसे मे महिन्यात मिळाले. त्या निमित्तानं आणखी एक गोष्ट कळली, ती लिहून ठेवतो. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकांनाही असतं, पण पतसंस्था आणि सोसायट्यांतल्या ठेवींना ते नसतं. आपल्याकडं गल्लीगल्लीत सोसायट्या आहेत आणि अर्धा टक्का जास्त व्याजासाठी म्हाताऱ्या माणसांची सगळी पुंजी तिथं असते. आईचे पैसे आता बँकेत आहेत.

एप्रिलमध्ये मी वंशावळीच्या मागं लागलो. ही वंशावळ म्हणजे पुढच्या सगळ्या कामांची किल्ली. शेताचा वारसा करायचा तर ती लागते, घराचं खातं (महापालिकेतली मालकाची नोंद) बदलायचं तर लागते. अर्ज होबळीच्या (गावांच्या गटाच्या) नाडकचेरीत करायचा. सोबत सगळ्यांची आधार कार्डं, रेशन कार्ड, मृत्यूचा दाखला आणि शंभराच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. नोटरीनं दोनशे घेतले, अर्जाची सरकारी फी किरकोळ होती. त्यावर तलाठी गावात चौकशी करतात, शेजाऱ्यांचा जबाब घेतात, मग सर्कलची (महसूल निरीक्षकाची) सही. तेवढ्यात लोकसभेची निवडणूक आली. आपल्याकडं मतदान ७ मे ला होतं आणि तलाठी निवडणुकीच्या कामाला जुंपलेले. महिना तसाच गेला. त्यात कुणाचा दोष नव्हता, पण रजा टाकून तिकडं जायचं आणि बंद दारासमोर उभं राहायचं हे चार वेळा झालं.

मेच्या अखेरीस अर्ज परत आला. शेरा कन्नडमध्ये. शेजारच्या मुलीनं, ती कन्नड शाळेत नववीला आहे, बोट ठेवून वाचून दाखवला: मयताच्या आईचं नाव वंशावळीत नाही.

आजी! एक्याण्णव वर्षांची आजी, गावच्या घरी सोप्यात बसून असणारी. आम्ही आई, ताई आणि मी एवढीच नावं लिहिली होती. हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, आणि सगळ्यांचा वाटा सारखा. म्हणजे अण्णांनी स्वतःच्या पगारातून घेतलेल्या अनगोळच्या घरात आम्हा चौघांचा चौथा-चौथा हिस्सा. आजीचाही. हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

आजीचं आधार मोबाइलला जोडलेलं नव्हतं, म्हणून तिला गाडीत घालून केंद्रावर नेलं. पन्नास रुपयांचं काम, पण तास लागला. तिच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. साठ-सत्तर वर्षं भात लावलेली ती बोटं. केंद्रावरच्या मुलानं ओल्या फडक्यानं तिचा अंगठा पुसला, कोरडा केला, काचेवर दाबला. नाही. मग तर्जनी. मग दुसरा हात. तो पोरगा एकदाही वैतागला नाही. "आज्जी, जरा दाबा की," म्हणत एकेक बोट धरत गेला आणि डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. आजी सगळा वेळ गप्प होती. परत येताना गाडीत म्हणाली, "माझ्या लेकाच्या घराला माझं नाव कशाला रे लावतोस? उलटं झालं की हे." मी गाडी चालवत राहिलो. बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

दुसरा अडथळा ताईचा. तिला १९९९ मध्ये गडहिंग्लजला दिली. लग्नात तिचं पहिलं नावही बदललं, आपल्याकडं तशी रीतच होती. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, आधारवर दुसरी, आणि दोन्ही कागद दोन राज्यांचे. ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र, लग्नाच्या नोंदणीचा उतारा आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडला तेव्हा काम पुढं सरकलं. वंशावळ २० जूनला मिळाली. अडीच महिने.

याच दिवसांत टीव्हीवर वारसा कराची चर्चा जोरात चालू होती. अण्णांचे एक मित्र घरी येऊन आईला सांगून गेले की घर नावावर करायच्या आधी विका, नाहीतर अर्धं सरकार घेईल. आई दोन रात्री झोपली नाही. मी ओळखीच्या सीएकडं गेलो. त्यांनी सांगितलं की भारतात मालमत्तेवर असा मृत्यू कर होता, तो १९८५ मध्येच रद्द झाला. वारशानं किंवा मृत्युपत्रानं मिळालेल्या पैशावर, घरावर, शेतावर मिळताना आयकर लागत नाही. कर लागतो तो पुढं त्यातून व्याज, भाडं आलं तर, किंवा ते विकून फायदा झाला तर. घर विकताना खरेदीची किंमत अण्णांनी दिलेलीच धरतात आणि त्यांनी घर बाळगलेली वर्षंही आपल्या हिशेबात धरतात. २००१ च्या आधीची खरेदी असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते. पुढं नियम बदलला: २३ जुलै २०२४ पासून विकलं तर फायद्यावर कर साडेबारा टक्क्यांनी, किंवा महागाईचा हिशेब लावून वीस टक्क्यांनी, यातलं जे कमी पडेल ते, कारण घर त्या तारखेच्या आधीचं आहे. आम्हाला विकायचं नाही. पण १९९६ चं खरेदीखत आणि २००९ मध्ये वरचा मजला चढवला तेव्हाची सिमेंट-सळईची बिलं मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवली. अण्णांनी ती बिलं पंधरा वर्षं सुतळीनं बांधून जपली होती.

सीएंनीच आठवण केली की अण्णांचं शेवटचं रिटर्न भरायचं राहिलंय. माणूस गेल्यावरही १ एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचं रिटर्न वारसानं भरायचं असतं. आयकराच्या पोर्टलवर मी माझ्या लॉगिनमधून अण्णांचा कायदेशीर वारस म्हणून नोंदणीची विनंती टाकली. मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा एवढं जोडलं. सहा दिवसांत मंजुरी आली. २६ जुलैला रिटर्न गेलं, शेवटची तारीख ३१ होती. कर काहीच निघाला नाही, उलट बँकेनं व्याजातून कापलेले ६,८४० रुपये सप्टेंबरात परत मिळाले. सीएंची फी पंधराशे. ४ फेब्रुवारीनंतरचं व्याज मात्र अण्णांचं नाही, ते ज्याच्या वाट्याला आलं त्याचं. आईची कुटुंब पेन्शनही तिच्या हिशेबात 'इतर उत्पन्न' म्हणून येते आणि त्यातून थोडी वजावट मिळते. तिचं सगळं मिळून कर लागण्याइतकं होत नाही, म्हणून बँकेनं व्याजातून कर कापू नये यासाठी तिच्या नावच्या ठेवींवर आता दर एप्रिलला तसा फॉर्म (तेव्हा पंधरा-एच) भरून द्यायचा.

ऑगस्टमध्ये शेताकडं वळलो. आरटीसी काढून बघितली. नवव्या रकान्यात मालकाचं नाव, अकराव्यात बोजा. त्या अकराव्या रकान्यात पीकेपीएसच्या पीककर्जाची नोंद दिसली. साठ हजार. अण्णांनी आईलाही सांगितलं नव्हतं. राग आला नाही, वाईट वाटलं. दरवर्षी जूनमध्ये खताला पैसे कुठून यायचे ते तेव्हा उमगलं. कर्ज फेडलं, बाकी नसल्याचा दाखला घेतला, मग वारशाचा अर्ज दिला. खानापूरकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा भिजलेल्या फायली घेऊन परत आलो. तेव्हापासून कागद डबल पिशवीत.

शेत वडिलोपार्जित, आजोबांकडून आलेलं. इथं मला एक कबुली द्यायची आहे. ताई हक्कसोड करून देईल असं मी मनात गृहीतच धरलं होतं. गावात सगळेच करतात. दस्त लिहून देणाऱ्या बाँड रायटरनंही न विचारता तसा मसुदा तयार ठेवला होता. मी फोनवर तारीख सांगितली तेव्हा ताई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मला विचारलंस का रे तू?" नव्हतं विचारलं. कर्नाटकात १९९४ मध्येच अविवाहित मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाबरोबरीचा हक्क मिळाला होता, ताईचं लग्न त्यानंतरचं. देशभरासाठी २००५ मध्ये कायदा झाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानंच मिळतो. पण मला खरं लागलं ते तिचं गप्प राहणं. मसुदा फाडला. उताऱ्यावर चौघांची नावं लावली. हरकतीची नोटीस चावडीवर लागली, कुणाची हरकत आली नाही आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात नव्या उताऱ्यावर आमची नावं आली. ताईनं तो उतारा मोबाइलवर मागवून घेतला. यंदाच्या सुगीला ती आली तेव्हा बांधावर उभी राहून मजुरांना चहा तिनंच दिला.

उरला आजीचा घरातला चौथा हिस्सा. वकिलांनी शांतपणे विचारलं, "आजी गेल्या तर हा हिस्सा कुणाकडं जाईल?" तिच्या सगळ्या वारसांकडं. म्हणजे काका, दोन आत्या आणि अण्णांच्या जागी ताई आणि मी, मग काका-आत्यांनंतर त्यांची मुलं. अनगोळच्या त्या तीन खोल्यांवर दहा-बारा नावं लागली असती. हे मी काकांना जाऊन सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आईला मी आणतो. तू दिवस ठरव." आजीनं तिचा हिस्सा आईच्या नावे सोडायचा असं ठरलं. असं हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं, घरच्या घरी कागदावर लिहून चालत नाही. घरातल्या माणसांमधल्या हक्कसोडीला बाजारभावावर टक्केवारीनं मुद्रांक लागत नाही, ठरावीक रक्कम लागते. आकडा बदलत असतो, आधी कार्यालयात विचारून जा. दस्त नोंदणीच्या कावेरी पोर्टलवर अर्ज भरून वेळ घेतली, २७ नोव्हेंबर. बाँड रायटरचे अडीच हजार. आजीला जिना चढवेना, काकांनी पाठीवर घेतली.

त्या दिवशी घरी येताना आईच म्हणाली, "माझंही काय ते लिहून ठेवूया. तुम्हाला परत हे नको." मला तिच्या तोंडून ते ऐकवेना. पण तिनं विषय सोडला नाही.

बाँड रायटरचा सल्ला होता की मृत्युपत्र कशाला, आत्ताच बक्षीसपत्र करून टाका. आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "मग घरातला हिस्सा माझा राहणार का?" नाही राहत. बक्षीसपत्र नोंदवलं की मालकी त्याच दिवशी जाते. मृत्युपत्र ती जिवंत असेपर्यंत कितीही वेळा बदलू शकते, हिस्सा तिचाच राहतो. म्हणून मृत्युपत्र. त्याला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर लिहिलेलंही चालतं, नोंदणीची सक्ती नाही. पण नोंदवलं तर पुढं खरं-खोटं करायला जागा कमी राहते, आणि फी नाममात्र आहे. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नसावा. आमचे साक्षीदार काका आणि शेजारचे मास्तर. आई शुद्धीवर आणि समजून-उमजून करते आहे असा डॉक्टरांचा दाखला घेतला, तीनशे रुपये. बेळगावात अशा मृत्युपत्राला कोर्टाकडून प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा दाखला) घेण्याची सक्ती नाही हेही वकिलांकडून पक्कं करून घेतलं.

मसुदा कन्नडमध्ये होता. आईला कन्नड वाचता येत नाही. तेव्हा शेवटी एक वाक्य घालून घेतलं: हा मजकूर मला मराठीत वाचून दाखवला, तो मला समजला आणि मान्य आहे. हे वाक्य आपल्या भागातल्या प्रत्येकानं आठवणीनं घालावं. आणि नुसतं घालू नये, खरंच वाचून घ्यावं. मास्तरांनी कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून ओळ न् ओळ मराठीत सांगितली. घरातला तिचा हिस्सा ताईला आणि मला सारखा, ठेवी दोघांना सारख्या. दागिन्यांच्या ओळीवर आईनं हात वर करून त्यांना थांबवलं. बोरमाळ नातीला लिहिली होती, ती ताईच्या मुलीला की माझ्या, हे स्पष्ट नव्हतं. मसुदा परत आत गेला, ओळ सुधारून आली, पाऊण तास गेला. २२ जानेवारी २०२५ ला दुपारी आईनं मराठीत सही केली, फोटोसाठी डोक्यावर पदर घेतला.

घरी आल्यावर तिनं ट्रंकेतली सुतळी सोडली. एका दोनशे पानी वहीत तिनं स्वतःच्या अक्षरात लिहायला घेतलं: कुठल्या बँकेत काय, नॉमिनी कोण, विजेच्या बिलाचा नंबर, पीकेपीएस फेडलं, दाखला हिरव्या फायलीत. वही आता ट्रंकेत सगळ्यात वर असते.

महानगरपालिकेत घराचं खातं बदलायचा अर्ज अजून अडकलेला आहे. त्याची पावती आईनं वहीच्या शेवटच्या पानाला टाचणीनं लावून ठेवलीय. सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून विचारायला जायचं आहे.